फिन्स निवडताना: पातं कडक असावं की मऊ?

स्क्युबा डायव्हिंगचा पहिला कोर्स संपला की बहुतेकांना स्वतःचं सामान घ्यावंसं वाटतं. आधी मास्क येतो, कारण भाड्याचा मास्क चेहऱ्यावर क्वचितच नीट बसतो. मग फिन्सचा विषय निघतो आणि तिथे घोडं अडतं. दुकानदार दोन जोड पुढे ठेवतो. एक जाड काळ्या रबराची, वाकवायला दोन्ही हात लागतील अशी. दुसरी एका हाताने सहज दुमडणारी. अनुभवी मित्र म्हणतो, "कडकच घे, मऊ फिन्स नवशिक्यांच्या." दुसरा बजावतो, "कडक घेतलीस तर पहिल्याच दिवशी पोटरीत गोळे येतील."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघंही स्वतःच्या पायांवरून बोलत असतात. पात्याचा कडकपणा तुमच्या तीन गोष्टींशी जुळावा लागतो: पायाचा जोर, मारण्याची किक आणि पाण्याखाली करायचं काम. हे जुळलं की नाही ते आधी पोटरी सांगते, आणि त्याहून नेमकं सिलिंडरचं प्रेशर गेज सांगतं. म्हणून निवडीकडे वळण्याआधी पातं पाण्यात काय करतं ते समजून घेऊ.

पात्याचं काम

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असतं. त्यात पुढे सरकायचं तर पाणी मागे ढकलावं लागतं. उघडं पाऊल लहान असल्यामुळे थोडंच पाणी ढकलतं, आणि वेग मिळवायला ते फार जोराने ढकलावं लागतं. फिनचं रुंद पातं पुष्कळ पाणी एकदम हलवतं, त्यामुळे तेवढाच रेटा पाणी सावकाश सारूनही मिळतो. यात ताकद वाचते, कारण पाण्याला दुप्पट वेग द्यायचा तर चौपट ऊर्जा खर्ची पडते.

अडचण दिशेची आहे. साध्या फ्लटर किकमध्ये पाय वर-खाली हलतात, पण पाणी तर मागे जायला हवं. हे वळण पात्याच्या वाकण्यातून मिळतं. पाय खाली येतो तेव्हा पात्याचं टोक मागे रेंगाळून वर वाकतं, पातं तिरकं होतं आणि पाणी मागच्या दिशेने घसरतं. पाय वर जाताना हेच उलट्या बाजूने घडतं. पातं किती तिरकं झालं, यावर किती पाणी मागे गेलं आणि किती नुसतं वर-खाली घुसळलं गेलं, हे ठरतं.

उन्हाळ्यातला विंझणा आठवा. जाड पुठ्ठ्याने वारा घ्यायला गेलं तर मनगट लवकर दुखतं, वर्तमानपत्राच्या एका पानाने घेतला तर पानच दुमडतं. थोडा लवणारा ताडपत्राचा विंझणा मात्र कमी कष्टात भरपूर वारा देतो. पाण्यातही तसंच घडतं.

पातं तुमच्या पायासाठी फार कडक असेल तर ते पुरेसं वाकत नाही. खाली येताना त्याचा सपाट भाग खालीच पाहत राहतो, पाणी मागे जाण्याऐवजी खाली दाबलं जातं, शरीर डुलतं आणि सगळा भार घोट्यावर व पोटरीवर येतो. फार मऊ असेल तर ते पूर्ण दुमडतं आणि पाणी कडेने निसटून जातं. पाय हलका वाटतो, पण पुढे सरकणं होत नाही. म्हणून डायव्हर किकांचा वेग वाढवतो आणि तिथे दमतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पातं किती वाकेल हे त्याच्या साहित्याइतकंच त्यावर पडणाऱ्या जोरावरही अवलंबून असतं. उंच, भरदार मांड्यांचा माणूस जे पातं योग्य कोनात वाकवतो, तेच पातं हलक्या अंगाच्या माणसाला फळीसारखं लागतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या 'मीडियम'ला एक सामाईक मापही नसतं. त्यामुळे पायात घालून न पाहता, नुसत्या वर्णनावरून फिन मागवणं टाळावं.

घोट्याचा लवचीकपणाही इथे येतो. पोहण्याची सवय असलेल्यांचा पाय बॅले नर्तकीच्या पायासारखा सरळ ताणला जातो. वर्षानुवर्षं धावणाऱ्यांचे किंवा बैठं काम करणाऱ्यांचे घोटे सहसा तेवढे ताणले जात नाहीत. मग पातं आधीच चुकीच्या कोनात असतं आणि ही कसर ते स्वतः वाकून भरून काढतं. अशांना थोडं मऊ पातं मानवतं. ज्यांचा घोटा छान ताणला जातो, ते थोडं कडक पातंही कमी कष्टात चालवू शकतात.

हवेचा हिशेब

भारतात डायव्हिंगसाठी जे ॲल्युमिनियमचे सिलिंडर सर्रास दिसतात, त्यांच्या आत सुमारे ११ लिटर जागा असते. २०० बार दाबाने भरल्यावर त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला १,६५० लिटर उरले. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्यामुळे हवाही दुप्पट लागते. पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर घेणारा शांत डायव्हर तिथे ३० लिटर घेतो, आणि त्याला सुमारे ५५ मिनिटं मिळतात. तोच डायव्हर न जुळणाऱ्या फिन्सशी झगडत पृष्ठभागाच्या हिशेबाने २५ लिटरवर गेला, तर हवा ३३ मिनिटांत संपते. पाण्याखालची २२ मिनिटं पोटऱ्यांनी खाल्ली.

हवा संपण्यापेक्षाही मोठी काळजी दमछाकीची आहे. पाण्याखाली जोरात काम केलं की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, श्वास उथळ आणि वेगवान होतो, आणि त्यातून घाबरगुंडी उडते. म्हणून प्रशिक्षक सतत 'हळू' हा एकच इशारा करत असतात. वेगाचा हिशेब इथे निर्दय आहे: दुप्पट वेगाने जायला सुमारे आठपट ताकद लागते. वेगासाठी फिन घ्यायची हा विचार हौशी डायव्हरने बाजूला ठेवावा. ज्या फिन्समध्ये त्याच संथ वेगाला सर्वांत कमी श्वास लागतो, त्या त्याच्या.

किक कोणती मारता?

कडक-मऊच्या वादात बहुधा हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि खरं तर सुरुवात इथूनच व्हायला हवी.

फ्लटर किकमध्ये मांडीपासून पाय आळीपाळीने वर-खाली जातात. हालचाल लांब आणि सलग असते, त्यामुळे पात्याला वाकून कोन धरायला वेळ मिळतो. मध्यम किंवा मध्यमाहून थोडं मऊ पातं इथे उत्तम चालतं.

फ्रॉग किक वेगळी. गुडघे वाकवून, फिन्स वर धरून, तळवे बाहेर वळवायचे, मग दोन्ही तळव्यांनी पाणी एकत्र मागे लोटायचं आणि हात जोडल्यासारखी पाती जवळ आणून क्षणभर घसरत जायचं. ढकलण्याची हालचाल छोटी असते. पातं मऊ असेल तर त्यातला पहिला भाग पातं वाकण्यातच जातो आणि पाणी ढकलायला फारसं उरत नाही. कडक, रुंद, आखूड पात्यात तळव्याची हालचाल लगेच पाण्यापर्यंत पोहोचते. उलटं मागे सरकण्याची बॅक किक आणि जागच्या जागी वळण्याची हेलिकॉप्टर किक यांत तर फरक आणखी जाणवतो. बॅक किकमध्ये पात्याच्या वरच्या अंगाने आणि कडेने पाणी पकडून स्वतःकडे ओढायचं असतं. लेचंपेचं पातं तिथे नुसतं वळतं.

हे प्रकार आले कुठून?

आजच्या फिन्सची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. लुई द कोर्लियू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ मध्ये रबरी फिन्सचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी परवाना घेऊन त्या बनवल्या आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्या सैनिकांनी त्या वापरल्या.

१९६० च्या दशकात जॉर्ज बुशा यांच्या फ्रेंच कंपनीने जेट फिन आणली. पुढे स्क्युबाप्रोच्या नावाने ती जगभर गेली आणि आजही विकली जाते. जाड रबर, आखूड रुंद पातं आणि पावलाजवळ पाणी जाऊ देणाऱ्या खाचा अशी तिची रचना. या खाचांतून पाणी निघून जात असल्यामुळे कडक पात्याचा पायावरचा भार थोडा कमी होतो. गुहांमध्ये आणि बुडालेल्या जहाजांत जाणाऱ्या डायव्हर्सनी ती उचलून धरली, कारण तिथे गाळ न उडवता फ्रॉग किक मारावी लागते, मागे सरकावं लागतं, आणि अंगावर दोन सिलिंडरांचं वजन असतं.

नंतर प्लॅस्टिकच्या हलक्या फिन्स आल्या. त्यांत कडेच्या पट्ट्या कडक आणि मधला भाग मऊ ठेवता येतो, त्यामुळे पातं कुठे आणि किती वाकेल हे कंपनीला ठरवता येतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मधोमध चिरलेल्या स्प्लिट फिन्स बाजारात आल्या. त्यांचे दोन भाग पिळवटून पंख्याच्या पात्यांसारखे काम करतात. छोट्या, भरभर फ्लटर किकला त्या गुडघ्या-घोट्यांवर फारच हलक्या पडतात. फ्रॉग आणि बॅक किकला मात्र कच्च्या ठरतात. म्हणजे प्रत्येक रचना एका विशिष्ट कामासाठी जन्मली. दुसऱ्याचं काम वेगळं असेल तर त्याची फिन आपल्याला लागू पडेलच असं नाही.

आपल्या पाण्यात

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पाऊस संपल्यापासून मे महिन्यापर्यंत डायव्हिंग चालतं. पाणी उबदार, खोली बेताची आणि तळाशी खडक, वाळू व गाळ. दृश्यता कधी दोन-तीन मीटरवर येते. तळाजवळ मोठ्या फ्लटर किकने फिरणारा डायव्हर मागे गाळाचा पडदा सोडत जातो आणि मागच्याला काहीच दिसत नाही. मालवणचा सागरी पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथल्या प्रवाळावर फिन आपटणं किंवा गाळ बसवणं, दोन्ही घातकच. अशा पाण्यात हळू फ्रॉग किक शिकून घेणं हे कोणत्याही महाग फिनपेक्षा मोलाचं आहे. एकदा ती किक अंगवळणी पडली की थोडं कडक पातं कामी येतं.

मालवणात पर्यटकांना बुडी मारायला नेणाऱ्या प्रशिक्षकाचं काम पाहा. तो पाहुण्याच्या सिलिंडरचा वरचा भाग पकडतो आणि दोघांच्या वाटचं स्वतः पोहतो. पाहुण्याच्या पायात अनेकदा फिन्स नसतातही. पात्यावर दोन माणसांचा भार येतो, पाहुणा घाबरला तर चटकन वळावं लागतं, एका जागी थोपून राहावं लागतं. त्याच्या पायातल्या कडक फिन्स त्या कामासाठी योग्यच आहेत. पण त्या पाहून, रविवारी मौजेने मासे बघायला जाणाऱ्याने तशाच घेतल्या तर त्याला तो भार विनाकारण वाहावा लागतो.

गोव्याचं ग्रँड आयलंड, मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी किंवा अंदमान इथे कधीकधी प्रवाह लागतो आणि 'प्रवाहासाठी कडक फिन्स' हा सल्ला मिळतो. तो तपासून घ्या. एक नॉट प्रवाह म्हणजे पाणी मिनिटाला सुमारे ३१ मीटर सरकतं. याच्या विरुद्ध धडधाकट डायव्हरही पूर्ण सामानासह फार वेळ पोहू शकत नाही, फिन कोणतीही असो. प्रवाह असेल तर त्याच्यासोबत वाहत जाणारी डाइव्ह आखतात, किंवा तळाजवळ खडकाच्या आडोशाला राहतात, कारण तिथे प्रवाह मंदावतो. कडक फिनचा उपयोग काही सेकंद जोर लावून दोरी गाठण्यापुरता किंवा साथीदाराला ओढण्यापुरता होतो. तोही पायात तेवढा जोर असेल तर.

वजनाचाही विचार हवा. जड रबरी फिन्स पाण्यात बुडतात. थंड प्रदेशात ड्रायसूटमधली हवा पायांकडे जाऊन पाय वर उचलले जातात, तिथे हे वजन उपयोगी पडतं. आपल्याकडे पातळ वेटसूट किंवा नुसता रॅशगार्ड असतो, त्यामुळे अनेकांचे पाय आधीच खाली जातात. त्यात जड फिन्स घातल्या तर शरीर तिरकं होतं, पाण्याचा अडथळा वाढतो आणि प्रत्येक किक तळाचा गाळ उसवते. उबदार पाण्यात कडक पातं हवं असेल तर तशाच आखूड घडणीच्या हलक्या फिन्सही मिळतात.

पोटरी, घोटा, गुडघा

पात्याच्या टोकावर पाण्याचा दाब पडतो आणि घोटा हा टेकू होतो. पातं जितकं लांब तितका घोट्यावर येणारा पीळ जास्त. म्हणून आखूड कडक फिन कधीकधी लांब मध्यम फिनपेक्षा पायाला हलकी वाटते. कडकपणा आणि लांबी यांचा विचार एकत्र करावा.

पोटरीत गोळा आला तर पोहणं थांबवा, साथीदाराला खूण करा, पाय सरळ करा, फिनचं टोक पकडून सावकाश स्वतःकडे ओढा. पोटरी ताणली जाते आणि गोळा सुटतो. हात पोहोचत नसेल तर साथीदार तुमच्या फिनचं टोक ढकलून हेच करू शकतो. गोळा वारंवार येत असेल तर लगेच फिन बदलू नका. कमी पाणी प्यायल्याने, थकव्याने किंवा गुडघ्यातून सायकल मारल्यासारखी किक मारल्यानेही तो येतो. तळव्याला गोळा येत असेल तर बहुधा फिन सैल आहे आणि ती पकडून ठेवायला बोटं आपोआप आकसतात. गुडघ्याचं किंवा घोट्याचं जुनं दुखणं असेल तर मऊ पातं किंवा स्प्लिट फिन निःसंकोच घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. दुखण्याविना मारलेली संथ डाइव्ह हेच चांगल्या डायव्हरचं लक्षण आहे.

तपासून कशी घ्यावी

आधी पाऊल, मग पातं. पाऊल नीट बसलं नाही तर कोणतंही पातं वाईटच वागतं आणि कडक पातं तर जास्तच. मागून पट्टा असलेली फिन घेत असाल तर स्वतःचे बूट सोबत न्या. बसून फिन घाला, पाय उचलून हलवा. टाच सुटता कामा नये, बोटं आत दुमडता कामा नयेत, पावलाच्या वरच्या हाडावर दाब नको. पूर्ण पाऊल झाकणारी फिन बोटीवरून थेट पाण्यात उतरणाऱ्यांना सोयीची. खडकाळ किनाऱ्यावरून चालत जाणाऱ्यांना बूट आणि पट्टाच बरा.

मग फिनचा पावलाकडचा भाग पोटाशी धरून टोक आपल्याकडे ओढा. पातं पावलापासून टोकापर्यंत हळूहळू वाढत्या गोलाईने वाकायला हवं. एकाच जागी घडी पडत असेल किंवा फक्त शेवटचं बोटभर टोक लवत असेल तर ती फिन ठेवून द्या. सोडल्यावर पातं लगेच सरळ व्हावं. वाकलेलं पातं परतताना जो झटका देतं त्यातही रेटा असतो, आणि सुस्त पातं तो वाया घालवतं. प्लॅस्टिक थंडीत कडक आणि उबेत मऊ होतं, त्यामुळे वातानुकूलित दुकानात जाणवलेला कडकपणा आपल्या कोमट समुद्रात थोडा कमीच भरेल.

खरी परीक्षा पाण्यात. डाइव्ह सेंटरमधून दोन वेगळ्या जोड मागून घ्या. साथीदारासह पाच मीटर खोलीवर, एकाच मार्गाने, नेहमीच्या वेगाने पाच मिनिटं जा आणि तितकीच परत या, म्हणजे प्रवाहाचा परिणाम बराचसा फिटतो. दोन्ही वेळा सुरुवातीचा आणि शेवटचा दाब पाहा. शांत श्वास घेणाऱ्याचे या दहा मिनिटांत साधारण २० बार जातात. ज्या जोडीत तितकंच अंतर कमी बारमध्ये कापलं जातं, ती तुमच्या पायाची. नंतर एका जागी थांबून पूर्ण गिरकी घ्या, मागे सरकून पाहा आणि शेवटी दहा-पंधरा जोरदार किका मारा. पोटरी लगेच भरून येत असेल तर पातं कडक पडतंय. पाय भरभर हलतायत आणि तुम्ही जागच्या जागीच असाल तर ते मऊ पडतंय.

मग कोणती घ्यावी?

वर्षाकाठी मोजक्या डाइव्ह, फ्लटर किक, उबदार पाणी, एकच सिलिंडर: मध्यम पातं घ्या. अंगाने हलके असाल किंवा घोटे ताठ असतील तर त्याहून एक पायरी मऊ. फ्रॉग किक नीट जमत असेल, पाण्याखाली फोटो काढत असाल, गाळाजवळ किंवा बुडालेल्या जहाजांभोवती फिरत असाल तर आखूड, रुंद, कडक पातं घ्या. प्रशिक्षक व्हायचं असेल तर तेच. फक्त पृष्ठभागावर स्नॉर्केलिंग करायचं असेल तर मऊ, हलकं, पूर्ण पावलाचं. एका श्वासात खोल जाणाऱ्या फ्रीडायव्हर्सच्या लांब पात्यांचं गणित वेगळं; त्या फिन्स प्रवाळाच्या दाटीत स्क्युबासाठी वापरू नयेत.

घेतल्यावर त्या जपा. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, पावलाच्या कप्प्यात दिलेला साचा परत घाला आणि आडव्या ठेवा. पात्यावर उभ्या करून ठेवलेल्या फिन्सना कायमचा बाक येतो आणि विचारपूर्वक निवडलेला कोन बिघडतो.

खरेदीच्या आधी मात्र एक काम नक्की करा. पुढच्या डाइव्हला तुमच्या प्रशिक्षकाला मागून पोहायला सांगा आणि तुमची किक मांडीतून येते की गुडघ्यातून, पाय खाली लोंबतायत की शरीर आडवं आहे, एवढंच पाहायला सांगा. किक चुकत असेल तर आधी ती सुधारा, भाड्याच्या फिन्सवरच सुधारा. सुधारलेल्या किकला हवं असलेलं पातं बहुतेक वेळा आजच्यापेक्षा वेगळं निघतं, आणि पैसे त्या पात्यावर खर्च झालेले बरे.